सूत्र पाठ आहे, पण कोणते लावायचे ते कळत नाही

प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मानसशास्त्र शिकते. दहावीनंतर तिने गणिताचे पुस्तक उघडलेले नाही, आणि या सत्रात संख्याशास्त्राची प्राथमिक ओळख करून देणारा पेपर तिला घ्यावा लागला आहे. वर्गात सगळे समजते, घरी उदाहरण सोडवायला बसले की हात चालत नाही, आणि पहिल्या चाचणीत 30 पैकी 11 गुण मिळाले, असे ती लिहिते. सूत्रे पाठ करावीत का, खासगी शिकवणी लावावी का, की हा विषय आपल्या आवाक्याबाहेरचा समजून उत्तीर्ण होण्यापुरताच करावा, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

मी गेली 26 वर्षे कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांना हा पेपर शिकवतो आहे. दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास याच तक्रारी घेऊन काही मुले माझ्याकडे येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. तुमच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम केंद्रीय प्रवृत्ती (सरासरीसारखे मधले आकडे), विचलन (आकड्यांचा पसरटपणा) आणि सहसंबंध (दोन गोष्टी एकमेकींसोबत किती बदलतात त्याचे माप) यांपाशी थांबतो की परिकल्पना-परीक्षणापर्यंत, म्हणजे दिसलेला फरक योगायोगाचा आहे का ते तपासण्यापर्यंत जातो, परीक्षेत सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालतो की साधाच, आणि पुढे मानसशास्त्रात एम.ए. करण्याचा तुमचा विचार आहे की नाही, यांवर किती खोलात शिरायचे ते ठरेल. एम.ए. करायचे असेल तर जेमतेम उत्तीर्ण होण्याचा बेत मनातून काढून टाका, कारण तिथे संशोधन प्रकल्पाच्या वेळी हाच विषय पुन्हा दारात उभा राहतो आणि तेव्हा शिकवायला कोणी रिकामे नसते.

आता मूळ अडचण. ‘माझे गणित कच्चे आहे’ असे तुम्ही लिहिले आहे, पण तुम्ही जे वर्णन केले आहे त्यावरून मला तसे वाटत नाही. या पेपरात लागणारे गणित म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ आणि संक्षिप्त चिन्हांत लिहिलेली बेरीज, इतकेच. वर्गात समजते आणि घरी समजत नाही याचे कारण निराळे आहे. वर्गात फळ्यावर प्रकरणाचे नाव लिहिलेले असते. ‘प्रमाण विचलन’ असा मथळा वर असला की खालचे उदाहरण प्रमाण विचलनाचेच असणार, हे आपल्याला न विचारताच कळलेले असते, म्हणजे निम्मे उत्तर शिक्षकांनी आधीच देऊन टाकलेले असते. परीक्षेत आणि घरी तो मथळा नसतो. तिथे पहिले काम आकडेमोडीचे नसून हा प्रश्न नेमका कशाविषयी आहे ते ओळखण्याचे असते, आणि त्या कामाचा सराव बहुतेक मुलांनी कधी केलेलाच नसतो.

एक उदाहरण घेऊन पाहू. एका स्मरणचाचणीत मोठ्या गटाचा मध्य, म्हणजे सरासरी, 7 आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण मध्यापासून साधारण किती पसरले आहेत त्याचे माप, 2 आहे हे आधीपासून ठाऊक आहे. एका विशिष्ट पद्धतीने सराव केलेल्या 16 मुलांनी तीच चाचणी दिली आणि त्यांचा मध्य 8.2 आला. हा फरक योगायोगाने आला असे म्हणता येईल का? माझ्या वर्गातली निम्मी मुले 8.2 मधून 7 वजा करतात, 2 ने भागतात, 0.6 हे उत्तर काढतात आणि ‘फरक किरकोळ आहे’ असे लिहून मोकळी होतात. आकडेमोड अचूक असते, उत्तर चुकलेले असते. एका मुलाला 8.2 गुण मिळाले असते तर 2 ने भागणे बरोबर होते, कारण एकट्या मुलाचे गुण मध्यापासून इतके दूर जाणे अगदी नेहमीचे आहे. पण 8.2 हा एका मुलाचा आकडा नाही, तो 16 मुलांचा मध्य आहे, आणि 16 जणांचा मध्य एकट्या मुलाइतका हेलकावत नाही. त्याच्या हेलकावण्याचे माप 2 भागिले 16 चे वर्गमूळ, म्हणजे 0.5 आहे. 1.2 ला 0.5 ने भागले की 2.4 येतात, आणि योगायोगाने एवढे किंवा याहून अधिक अंतर कोणत्याही बाजूला पडण्याची संभाव्यता शंभरात दोनपेक्षाही कमी आहे. निष्कर्ष पार उलटा झाला.

माझ्या अनुभवात या पेपरातल्या मोठ्या चुकांपैकी बऱ्याचशा इथेच होतात. एका व्यक्तीचा आकडा, एका नमुन्यातून काढलेला आकडा, आणि तसेच अनेक नमुने घेतले असते तर ते आकडे कसे पसरले असते याचे मोजमाप, या तीन वेगवेगळ्या पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवरच्या पसरटपणाला प्रमाण विचलन म्हणतात आणि तिसऱ्या पातळीवरच्या पसरटपणाला प्रमाण त्रुटी. दोन्ही शब्दांची सुरुवात ‘प्रमाण’नेच होत असल्याने मुलांचा गोंधळ वाढतो, आणि ‘त्रुटी’ या शब्दामुळे कोणाच्या तरी हातून चूक झाली आहे असेही वाटते. प्रत्यक्षात चूक कोणाचीच नसते. नमुना बदलला की उत्तर थोडे बदलते, त्या बदलण्याचे ते माप आहे.

तिसरी पातळी डोळ्यांना दिसत नाही, ही खरी अडचण आहे. आपल्या हातात नमुना एकच असतो आणि पुस्तक मात्र न घेतलेल्या हजारो नमुन्यांविषयी बोलत असते. म्हणून माझा आग्रह आहे की ही गोष्ट एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावी. कागदाच्या दहा सारख्या चिठ्ठ्या करा, त्यांवर 0 ते 9 हे अंक लिहा आणि त्या एका डब्यात टाका. डब्यातल्या अंकांचा मध्य 4.5 आहे आणि प्रमाण विचलन 2.87 आहे, ते आधी स्वतः काढून पडताळा. आता डोळे मिटून एक चिठ्ठी काढा, अंक लिहा, चिठ्ठी परत डब्यात टाकून डबा हलवा. असे चार वेळा करून त्या चार अंकांचा मध्य काढा. हा झाला तुमचा एक नमुना. असे निदान तीस नमुने घ्या. कंटाळा येईल, पण तासाभरात काम संपते. मग चौकटीच्या कागदावर एक रेघ ओढून त्या तीस मध्यांच्या जागी एकावर एक ठिपके मांडा.

वर्गात मी हे साठ मुलांकडून करून घेतो आणि ठिपके फळ्यावर मांडतो. डब्यात 0 आणि 9 हे अंक 4 आणि 5 या अंकांइतक्याच वेळा आहेत, म्हणजे डब्यातले वितरण सपाट आहे. तरीही फळ्यावरचे ठिपके मधोमध दाटतात आणि दोन्ही टोकांकडे विरळ होत जातात. मध्य 0 यायचा असेल तर चारही वेळा 0 च निघावा लागतो, आणि ते दहा हजारांत एकदाच घडण्यासारखे आहे; मध्य 4.5 यायला मात्र शेकडो वाटा आहेत. या ठिपक्यांचे प्रमाण विचलन 2.87 च्या निम्म्याच्या, म्हणजे 1.44 च्या जवळपास येते. हाच उद्योग सोळा-सोळा चिठ्ठ्यांचे नमुने घेऊन केला तर ते 0.72 च्या जवळपास येईल. पसरटपणा निम्मा करायला नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. वर्गमूळाच्या चिन्हात दडलेली ही गोष्ट नुसत्या सूत्रातून कोणाच्या लक्षात राहिलेली मी पाहिलेली नाही, आणि ज्यांनी चिठ्ठ्या काढल्या त्यांतल्या फार थोड्यांच्या ती विस्मरणात गेली.

नमुना मोठा केला की सगळे दोष धुऊन निघतात असे मात्र समजू नका. या बाबतीत मला सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे काम सांगावेसे वाटते. शेतात किती पीक येईल याचा अंदाज घेण्यासाठी शेतातला एक छोटा तुकडा आखून तेवढेच पीक कापून मोजतात, त्याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. 1940 च्या दशकात सुखात्म्यांनी दाखवून दिले की हा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्नाचा अंदाज सातत्याने वाजवीपेक्षा जास्त येतो. तुकड्याच्या सीमारेषेवरची रोपे आत धरायची की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ती आत घेण्याकडे झुकतो, आणि तुकडा जितका लहान तितका त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने सीमारेषेचा वाटा मोठा. असे लहान तुकडे शंभराऐवजी हजार घेतले तरी हा दोष जात नाही. अंदाज अधिक स्थिर होतो, पण चुकीच्या जागी स्थिर होतो. योगायोगाने होणारा हेलकावा आणि एकाच बाजूला झुकलेला कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाण त्रुटी पहिलीचे माप देते, दुसरीबद्दल ती काहीही बोलत नाही. मानसशास्त्रात तर हे फारच लागू आहे, कारण प्रश्नावली भरून घेण्यासाठी आपण आपल्याच वर्गातल्या मैत्रिणींना गाठतो आणि मग निष्कर्ष ‘महाविद्यालयीन तरुणाई’विषयी लिहितो.

परिकल्पना-परीक्षण तुमच्या अभ्यासक्रमात असेल, आणि मानसशास्त्राच्या पेपरात ते बहुधा असतेच, तर त्यातला तर्क एकदाच नीट समजून घ्या. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1935 मध्ये मांडलेले चहाचे उदाहरण त्यासाठी अजूनही सर्वांत सोपे आहे. एक बाई म्हणतात की कपात दूध आधी ओतले की चहा आधी ओतला, हे मला चवीवरून ओळखता येते. त्यांच्यापुढे आठ कप ठेवायचे, चार एका प्रकारचे आणि चार दुसऱ्या. आठांतून चार निवडण्याच्या रीती 70 आहेत आणि त्यांतली बरोबर एकच. बाईंना काहीही ओळखता येत नाही असे आपण घटकाभर धरून चाललो, तर नुसत्या नशिबाने चारही कप बरोबर निवडले जाण्याची संभाव्यता 70 त 1, म्हणजे शंभरात दीडपेक्षाही कमी आहे. त्यांनी चारही बरोबर निवडले तर आपण म्हणतो की ‘काहीही ओळखता येत नाही’ हे गृहीत धरून चालणे आता अवघड झाले. त्या गृहीताला शून्य परिकल्पना म्हणतात आणि शंभरात दीडपेक्षा कमी असलेल्या त्या आकड्याला पी-मूल्य.

या आकड्याचा अर्थ ‘बाईंना ओळखता येत नाही याची संभाव्यता दीड टक्का’ असा होत नाही. आकडा काढताना आपण ओळखता येत नाही असे आधीच धरले होते, मग त्याच आकड्याने त्या धरण्याचीच संभाव्यता कशी मोजणार? उत्तरपत्रिकांत ही चूक इतक्या वेळा दिसते की मी आता लाल शाई वाचवण्यासाठी तिला एक खूण ठरवून टाकली आहे. ‘सार्थक’ या शब्दाचेही तसेच. व्यवहारात आपण जन्म सार्थकी लागला म्हणतो, म्हणून सार्थक फरक म्हणजे काहीतरी मोठा, मोलाचा फरक असे मुलांना वाटते. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच की केवळ योगायोगाने असा फरक पडणे विरळ आहे. फरक स्वतः अगदी क्षुल्लक असू शकतो.

तुमच्या 11 गुणांकडे येतो. पहिली चाचणी असल्याने त्यात मध्य, मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा), बहुलक (सर्वांत जास्त वेळा येणारा), प्रमाण विचलन आणि कदाचित सहसंबंध असावा. म्हणजे वर सांगितलेल्या पातळ्यांच्या गोंधळाने हे गुण गेलेले नाहीत, बहुधा बारीकसारीक गोष्टींत गेले आहेत. उत्तरपत्रिका परत मिळाली असेल तर प्रत्येक गमावलेल्या गुणापुढे कारण लिहा: सूत्र चुकले, सूत्र बरोबर पण चुकीच्या जागी लावले, आकडेमोड चुकली, की प्रश्नच कळला नाही. मी पाहिलेल्या उत्तरपत्रिकांत नेहमी सापडणारे दोन खड्डे सांगतो. पहिला वर्गांचा. 10–19, 20–29 असे वर्ग दिले असतील तर मध्यक काढण्यापूर्वी ते 9.5–19.5, 19.5–29.5 असे सलग करून घ्यावे लागतात, हे दहावीतच शिकवलेले असते आणि दहावीतच विसरले जाते. दुसरा कॅल्क्युलेटरचा. बहुतेक सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर प्रमाण विचलनाच्या दोन कळा किंवा दोन पर्याय असतात, एक एकूण संख्येने भागणारा आणि दुसरा एकूण संख्येतून 1 वजा करून भागणारा. 0, 2, 10, 18, 20 या पाच आकड्यांसाठी पहिला पर्याय 8.1 देतो आणि दुसरा 9.06. हातात असलेले आकडे हाच सगळा गट असेल तर पहिला, आणि ते मोठ्या गटातून घेतलेला नमुना असतील तर सामान्यतः दुसरा. तुमच्या वर्गात कोणता प्रघात आहे ते शिक्षकांना स्पष्ट विचारून घ्या, कारण पुस्तकापुस्तकांत फरक असतो.

शब्दांचाही घोळ असतो. शालेय पुस्तकात मध्यक म्हणतात, जुन्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत मध्यगा आढळते, आणि वर्गात शिक्षक मीडियन म्हणतात. तिन्ही एकच आहेत. एका पानावर असे जोडशब्द लिहून ते पान वहीच्या पहिल्या बाजूला चिकटवा.

सूत्रे पाठ करण्याबद्दल माझे मत थोडे बदलत गेले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी प्रमाण विचलन काढण्याची गृहीतमध्याची पद्धत (सोयीचा एक आकडा मध्य धरून आकडेमोड लहान करण्याची रीत) तीन आठवडे घोटून घेत असे, आणि मुलांना गुणही चांगले मिळत. एका वर्षी तोंडी परीक्षेत अशाच एका हुशार मुलाला मी विचारले की दोन एसटी गाड्यांना उशीर होण्याचा मध्य 10 मिनिटेच आहे, पण एकीचे प्रमाण विचलन अर्ध्या मिनिटाच्या आसपास आणि दुसरीचे आठ मिनिटे आहे, तर रोज कामावर जायला तू कोणती धरशील? तो गप्प उभा राहिला. नंतर म्हणाला, सर, आकडे द्या, काढून दाखवतो. दोष त्याचा नव्हता, माझ्या शिकवण्याचा होता. गृहीतमध्याची पद्धत हाताने आकडेमोड करण्याच्या काळात श्रम वाचवण्यासाठी आली. अभ्यासक्रमात असेल तर ती जरूर करा, पण आधी मध्यापासूनचे प्रत्येक अंतर काढून, त्याचा वर्ग करून, लांबच्या वाटेने दोन-तीन उदाहरणे सोडवा, म्हणजे आपण काय मोजतो आहोत ते हाताला कळेल. तेव्हापासून मी प्रत्येक उत्तराखाली एक पूर्ण मराठी वाक्य लिहायला लावतो. सात कुटुंबांचे मासिक उत्पन्न हजारांत 9, 10, 11, 12, 13, 14 आणि 85 असेल तर मध्य 22 येतो आणि मध्यक 12. ‘मध्य = 22’ एवढ्यावर थांबणाऱ्याला मी पूर्ण गुण देत नाही. ‘सातांपैकी सहा कुटुंबांचे उत्पन्न मध्यापेक्षा कमी आहे, म्हणून इथल्या नेहमीच्या कुटुंबाविषयी बोलायचे तर मध्यक घ्यावा’ असे लिहिणाऱ्याला विषय कळला आहे. वाक्य लिहायची सवय लागली की सहसंबंध गुणांक 1.4 आला तरी तो शांतपणे दुहेरी रेघ मारून अधोरेखित करण्याचे प्रकारही थांबतात. गुणांक −1 आणि 1 यांच्या बाहेर जाऊच शकत नाही.

आता सरावाविषयी. प्रकरणवार वीस-वीस उदाहरणे सोडवण्यापेक्षा वेगवेगळ्या प्रकरणांतली पंचवीस उदाहरणे कार्डांवर उतरवा, मागच्या बाजूला पान क्रमांक लिहा आणि कार्डे पिसा. रोज दहा कार्डे घ्या आणि ती न सोडवता फक्त तीन गोष्टी लिहा: आकडे कोणाचे आहेत, विचारले काय आहे, आणि एका व्यक्तीविषयी विचारले आहे की नमुन्याच्या मध्याविषयी. मग मागे बघून पडताळा. यांतली दोनच कार्डे पूर्ण सोडवा. याला रोज अर्धा तास पुरतो. पहिल्या आठवड्यात निम्मी कार्डे चुकतील, आणि तशीच ती चुकायला हवीत, कारण परीक्षेत जे चुकणार होते ते आता घरी चुकते आहे.

राहिला शिकवणीचा प्रश्न. शिकवणीत प्रकरणाचे नाव पुन्हा फळ्यावर लिहून तीच उदाहरणे सोडवून दाखवणार असतील तर तुमची अडचण जशीच्या तशी राहील आणि पैसे जातील. दहावीचे गणितच खरोखर सुटले असेल, म्हणजे अपूर्णांक, टक्केवारी, वर्गमूळ इथेच अडत असेल, तर महिनाभर कोणाकडून तरी तेवढे पक्के करून घेण्यात कमीपणा नाही. ते अडते आहे की नाही हे उत्तरपत्रिकेपुढे लिहिलेली कारणे सांगतील. ‘आकडेमोड चुकली’ हे कारण निम्म्याहून अधिक वेळा आले तर शिकवणीचा विचार करा, नाहीतर आधी तुमच्याच शिक्षकांकडे जा. जाताना ‘मला काही कळत नाही’ असे म्हणत जाऊ नका. चिठ्ठ्यांचे तीस मध्य मांडलेला कागद आणि चुकलेली पाच-सहा कार्डे सोबत न्या, आणि नेमके कुठे अडले त्या ओळीवर बोट ठेवा.